चौथ्या मजल्यावरचा समुद्र

एप्रिल लागला की पुण्यात दोन गावं तयार होतात, एक पहाटेचं आणि एक दुपारचं. पहाटेच्या गावात पायाशी गेलेली चादर झोपेतच वर ओढावी लागते. दुपारच्या गावात गॅलरीच्या फरशीवर अनवाणी पाय ठेवला तर तो आपोआप उचलला जातो. मधे अवघे काही तास गेलेले असतात. लोक म्हणतात, "उन्हाळा आहे, चालायचंच." आमच्या घरात मात्र "चालायचंच" म्हणायची सोय उरलेली नाही.

मी आता वाघोलीला राहते, तिथल्या कॉलेजात शिकवते. आई-बाबा वारज्याला, म्हणजे शहराच्या नेमक्या दुसऱ्या टोकाला. या दिवसांत रोज सकाळी बाबाचा फोन येतो. नमस्कार-चमत्कार नाही, कशी आहेस नाही. "सामू बरा आहे. दुपारचं दुपारी बघू." आणि फोन बंद. स्टाफरूममधल्या एका मैत्रिणीने परवा काळजीने विचारलं, "सामू म्हणजे तुझे आजोबा का गं? आजारी असतात का?" मी म्हटलं, "नाही, पाणी आहे ते."

सामू हा शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला शब्द. पाणी आंबटाकडे झुकलंय की उलट, हे सांगणारा आकडा. सगळं जग त्याला पीएच म्हणतं, पण बाबाने सारी हयात एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवली. मराठी शब्द हाताशी असताना दुसरा वापरलेला त्याला सोसत नाही. टाकी घरात आली त्या दिवशी तो दारातूनच ओरडून सांगत होता की सामू जपायला हवा, सामू पडता कामा नये. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तो जेवायला थांबणार असेल तर आधी सांग, भाकरी वाढवते." तेव्हापासून सामू आमच्या घरचा माणूस आहे. त्याची तब्येत विचारली जाते. पहाटे तो खचलेला असतो, दुपारनंतर सावरतो, संध्याकाळी अगदी खुशीत असतो. अशी माणसं आपल्या सगळ्यांच्याच घरात असतात म्हणा.

टाकी आली ती नजीरकाकांकडून. नजीरकाका आणि बाबा एकाच छापखान्यात. बाबा मुद्रितं तपासायचा, नजीरकाका बांधणी करायचे. कॅम्पातल्या त्यांच्या घरात ही समुद्राच्या पाण्याची टाकी वर्षानुवर्षं होती. मग मुलाने त्यांना बंगळूरला बोलावून घेतलं, आणि तिकडच्या घरात समुद्राला जागा नव्हती. एका टेंपोतून समुद्र आमच्याकडे आला. पाणी पिंपांत, मासे हवा भरलेल्या पिशव्यांत, खडक ओल्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले. बाबा ते खडक सोडवताना ओला कागद वाचत होता आणि मथळ्यातली चूक सापडल्यावर थांबला. नजीरकाका म्हणाले, "अरे शरद, आधी दगड पाण्यात घाल. संपादकांना नंतर पत्र लिही."

त्या पाण्यात होतं तरी काय? नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या मासोळ्यांची एक जोडी. चार गोगलगायी. आणि एक मऊ पोवळं. दगडी नाही, कातडीसारखं, फिकट बदामी, अळंबीच्या आकाराचं. त्याच्या छत्रीवर शेकडो बारीक बोटं फुललेली, पाण्याबरोबर डुलणारी. नजीरकाकांना ते एका मित्राच्या टाकीतून नखाएवढा तुकडा म्हणून मिळालं होतं. आता ते तळहाताएवढं होतं. ते त्याला छत्रीच म्हणत.

मी तेव्हा वारज्यालाच, आई-बाबांकडे राहत होते. मी भडकले. माझं वाढणंच तसं झालंय. आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं होती, पण पत्रकं त्याहून जास्त होती. माझी पाढ्यांची उजळणी पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर झाली. डब्यांखाली पत्रकं, खिडकीच्या फटीत पत्रकं, उन्हाळ्यात वारा घ्यायला पत्रकं. पहिलीत बाईंनी 'ज'वरून शब्द विचारला तेव्हा इतर मुलं जहाज, जग, जत्रा म्हणाली, मी म्हणाले, "जाहीर निषेध." आई घरकाम करणाऱ्या बायकांच्या संघटनेचं काम करते, मी पोटात असल्यापासून. बाबाने त्या संघटनेचं प्रत्येक पत्रक तपासलं. आणि हा माणूस निवृत्त झाल्यावर समुद्राचा तुकडा काचेत कोंडून आणतो? समुद्र तापतोय, पोवळ्यांचे आख्खे माळ पांढरेफटक पडून मरतायत, आणि आपण त्यातला मूठभर समुद्र दिवाणखान्यात ठेवून त्याला पंख्याने वारा घालायचा?

मी पत्रक लिहिलं. 'समुद्र कोणाचा?' असं त्याचं शीर्षक होतं. ते टाकीच्या काचेवर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला माझ्या उशाशी मिळालं. लाल पेनने दोन वेलांट्या सुधारलेल्या, तीन ठिकाणी 'सदर' खोडलेलं, आणि समासात बाबाचं बारीक, सुबक अक्षर: मुद्दे बरोबर. दुसरं वाक्य फार लांब. शेवटच्या परिच्छेदात राग कमी पडतो.

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

शेवटी जेवणाच्या टेबलावर बैठक झाली. आम्ही तिघं, आई अध्यक्ष. तास-दीड तासाच्या चर्चेनंतर ठराव झाला. जे जीव आलेत ते जगवायचे, कारण त्यांना परत पाठवायला आता समुद्रही नाही आणि नजीरकाकाही इथे नाहीत. नवीन जीव एकही विकत आणायचा नाही, कारण बाजारात मागणी पोहोचली की कुठेतरी खडक फुटतो. आणि छत्री मेली तर टाकी मोडायची. तिच्या जागी दुसरी आणायची नाही, 'थोडे दिवस मासे तरी ठेवू' असली पळवाट नाही. मासोळ्यांना नीट सांभाळणारं घर शोधायचं आणि विषय संपवायचा. हे शेवटचं कलम माझं. मला वाटलं बाबा विरोध करेल. त्याने हात वर केला आणि म्हणाला, "एकमताने. टिपून घ्या."

हे सगळं झालं फेब्रुवारीच्या शेवटी. म्हणजे तो समुद्र आमच्या घरात राहायला आला आणि पाठोपाठ उन्हाळा आला.

खरा समुद्र इतका मोठा असतो की त्याला दिवस-रात्र फारशी जाणवत नाही. आमचा समुद्र दिवाणापेक्षा लहान. पुण्याचा पारा चढला की तोही चढायचा, उतरला की उतरायचा. नळाला येणारं खडकवासल्याचं पाणी गाळून, त्यात पाकिटातलं मीठ कालवून हा समुद्र बनायचा. बाबा प्लास्टिकच्या बादलीत मीठ ढवळत बसायचा आणि आई विचारायची, "शरद, माझी डाळ घोटायची लाकडी रवी कुठाय?" ती रवी समुद्रकार्यात कामी आलेली असायची.

दुपारी पाणी तापू लागलं की बाबा टाकीच्या कडेला छोटा पंखा लावायचा, पाण्याच्या पृष्ठभागावर वारा जाईल असा. तत्त्व माठाचंच. पाण्याची वाफ जाते आणि जाताना ऊब घेऊन जाते. पुण्याची एप्रिलमधली हवा इतकी कोरडी असते की तो एवढासा पंखा दोन-तीन अंश सहज उतरवायचा. वाफ झालेल्या पाण्याची भर गोड्या पाण्याने करायची, कारण मीठ उडून जात नाही, ते मागेच राहतं. पहाटे उलटा प्रकार. गार वाऱ्याने पाणी उतरायचं आणि काचेच्या नळीतला हीटर आपोआप पेटायचा. एकाच दिवसात पंखा आणि हीटर. आई म्हणायची, "असला लाड माझ्या बाळंतपणात नव्हता झाला."

लोकांनी एसीचा सल्ला दिला. टाक्यांचं सामान विकणाऱ्या एकाने पाणी गार करणारं यंत्र सुचवलं. मी दोन्हीला आडवी गेले आणि आजही जाईन. आमच्या इमारतीच्या पाठीला एसीचे डबे कसे लटकलेत ते पाहा. प्रत्येक डबा एका खोलीतली उष्णता उचलतो आणि खाली रस्त्यावर, वॉचमनच्या खुर्चीवर ओततो. आपलं गार होणं म्हणजे दुसऱ्याचं भाजणं असेल, तर तसलं गार मला नको. बाबाला हे पटलेलं होतं. त्याने खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले, सकाळी दहालाच सगळी तावदानं घट्ट बंद करून घ्यायला सुरुवात केली, आणि अंधाऱ्या, ओल्या वाळ्याच्या वासाच्या त्या खोलीत आमचा समुद्र निळसर उजेडात डुलत राहिला. तो वास अजूनही कुठे आला की मला आधी मीठ आठवतं.

आणि तरीही छत्री मिटायला लागली. आधी दुपारची. मग सकाळची. मग बोटं पूर्ण आत घेऊन ती नुसती एक बदामी गाठ होऊन बसली.

बाबाची चूक ही फक्त बाबाच करू शकेल अशी होती. पेनासारखं एक मापक होतं. पाण्यात बुडवलं की आकडा दाखवायचं. त्याने आयुष्यभर एकच काम केलं होतं. पानावर चूक दिसली की ती दुरुस्त करायची. दिसलेली चूक तशीच ठेवून पुढच्या ओळीवर जाणं त्याच्या हाताला ठाऊकच नव्हतं. पहाटे सामू खाली गेलेला दिसला की तो सोड्यासारखी पूड टाकून तो वर उचलायचा. दुपारी तापमान थोडं वर दिसलं की गोठवलेल्या पाण्याची बाटली सोडायचा. मग पाणी जास्त गार झालं म्हणून हीटर पेटायचा. संध्याकाळी सामू आपला आपण चढायचा तो सकाळच्या पुडीमुळे फारच वर जायचा, की बाबा पुन्हा अस्वस्थ. पुण्याच्या हवेने त्या पाण्याला दिवसातून एक हेलकावा दिला असता, बाबाने चार दिले. तो समुद्र पानासारखा तपासत होता, आणि समुद्र म्हणजे पान नव्हे.

मी बंगळूरला फोन लावला. नजीरकाकांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "त्याला फोन दे." बाबाने फोन कानाला लावला. पलीकडचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता.

"शरद, सामू पहाटे पडणारच. रात्री उजेड नसतो, पाण्यातले सगळे जीव नुसता श्वास सोडत असतात. सकाळी दिवे लागले की शेवाळं तोच श्वास खातं आणि सामू वर येतो. रोजचं आहे हे. तू त्याच्या मागे का धावतोयस?"

"आकडा चुकीचा दिसतो रे."

"मग बघू नकोस."

"बघितल्याशिवाय कळणार कसं?"

"हात खिशात घाल, मग बघ."

बाबाने फोन ठेवला आणि खरंच दोन्ही हात पायजम्याच्या खिशात घातले. त्या दिवसापासून पुढचे काही आठवडे तो टाकीसमोर असाच उभा असायचा, शिक्षा म्हणून उभं केलेल्या मुलासारखा. आई जाता-येता म्हणायची, "खिशात भोक पडेल."

नजीरकाकांनी आणखी एक उपाय सांगितला होता. मुख्य टाकीच्या खालच्या कप्प्यात शेवाळाचा एक गोळा ठेवायचा आणि त्यावरचा दिवा रात्री लावायचा. वरचे दिवे विझले की खालचा लागायचा. वर सगळे श्वास सोडत झोपलेले असताना खाली शेवाळं तो श्वास खात जागं. आम्ही त्याला रात्रपाळी म्हणायचो. मला हे मनापासून आवडलं. वरच्यांची झोप नीट व्हावी म्हणून खाली कोणीतरी जागं असतं, आणि त्याचं कोणी नाव घेत नाही. हे काही समुद्रानेच शोधलेलं नाही.

सामू सुधारला. पण सोमवारी सकाळी तो पुन्हा घसरलेला असायचा. इतर दिवसांपेक्षा बराच खाली. पूड बंद होती, बाटल्या बंद होत्या, रात्रपाळी चालू होती. मग सोमवारीच काय होतं? बाबाला वाटलं मापक बिघडलं. मला वाटलं शेवाळं कमी पडतंय. छत्री तशीच मिटलेली. तिच्या अंगावर आता एक मेणचट, चकचकीत पापुद्रा आला होता, आणि मी मनातल्या मनात ठरावाचं शेवटचं कलम आठवायला लागले होते. बाबाही आठवत असणार. आम्ही दोघं एकमेकांशी त्याबद्दल बोलत नव्हतो.

उत्तर लग्नसराईने दिलं. आईच्या संघटनेची बैठक दर रविवारी संध्याकाळी आमच्या याच खोलीत होते. एका रविवारी मोठी तिथी होती. बहुतेक बायका लग्नघरच्या कामांना गेल्या आणि बैठक झाली नाही. सोमवारी मी मापक बुडवलं. सामू घसरलेला नव्हता.

मी बंद तावदानांकडे पाहिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, "आई, तुमची बैठक सामू पाडते."

गोष्ट सरळ होती. खोली भरून बायका. बाबाने ऊन आत येऊ नये म्हणून तावदानं बंद केलेली. आवाजाची तक्रार होते म्हणून बैठकीआधी आईने उरलेला दरवाजाही लावलेला. आणि आत तीन तास सगळ्यांचा श्वास. तो श्वास जाणार कुठे? पाण्यात. ऊन बाहेर ठेवायला खिडक्या बंद कराव्यात तर श्वास आत कोंडतो, श्वास बाहेर जाऊ द्यावा तर ऊन आत येतं. त्या महिन्यात मला उमगलं की हा त्या टाकीचा नाही, आमच्या सगळ्या घराचा प्रश्न होता. तापमान सांभाळायच्या नादात आम्ही हवा विसरलो होतो.

पुढच्या रविवारी बैठकीच्या सुरुवातीला आईने हा विषय मांडला. मधूकाका, संघटनेचे जुने वकील, जे 'दोनच मिनिटं' म्हणून उठतात आणि चहा गार झाल्यावर बसतात, ते चष्म्यावरून बाबाकडे बघत म्हणाले, "म्हणजे आता आम्ही श्वास घ्यायचा की नाही?"

"घ्या ना," बाबा शांतपणे म्हणाला. "सोडायला गॅलरीत जा."

बायका हसल्या. मधूकाका हसले नाहीत. "एका माशासाठी संघटना घराबाहेर काढायची, सुमनताई?"

"माशासाठी नाही, पोवळ्यासाठी," आई म्हणाली. "आणि दार लावून आपण आत करतो काय? आपल्याला पटलेलं आपल्यालाच पटवतो. खाली पार्किंगमध्ये बसू. हवा आहे."

कमलताई, ज्या आमच्या आणि शेजारच्या इमारतीत मिळून सहा घरी कामाला जातात, उठून उभ्याच राहिल्या. "चला की. हितं बसून पाय बी आखडल्यात."

मी तेव्हा खूश नव्हते. मला ते माघार घेतल्यासारखं वाटलं. एका हौसेच्या वस्तूसमोर चळवळीने जागा सोडायची म्हणजे काय? मी आईला तसं म्हटलंही. ती सतरंजीची गुंडाळी काखेत मारत म्हणाली, "पत्रक नंतर लिही. ही सतरंजी धर."

पार्किंगमध्ये लिफ्टच्या दाराशेजारी तेव्हा एक पाटी होती. घरकाम करणाऱ्या महिलांनी आणि सामान पोहोचवणाऱ्यांनी जिन्याचा वापर करावा, असा मजकूर. त्यात 'जिन्याचा'मधली एक वेलांटी चुकली होती आणि ती बाबाने कधीच लाल पेनने दुरुस्त करून ठेवली होती. पाटीशी त्याचं भांडण होतंच, पण चूक ती चूक. आमच्या बंद खोलीत या पाटीवर कितीतरी बैठका झाल्या होत्या. निवेदनं झाली होती. आता बैठक थेट पाटीखाली बसली. कामं संपवून जिन्याने उतरणाऱ्या बायका थांबायला लागल्या. "काय चाललंय?" म्हणत सतरंजीच्या कडेला टेकायला लागल्या. वॉचमन लांबून ऐकायचा, मग जवळून. दुसऱ्या मजल्यावरच्या एक निवृत्त शिक्षिका आपली खुर्ची घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मी नुसती वाऱ्याला बसलेय." त्या नंतर दर रविवारी वाऱ्याला बसू लागल्या. कोंडलेल्या खोलीत जे वर्षभर वाढलं नव्हतं, ते दोन-तीन रविवारांत वाढलं. मी अजूनही म्हणणार नाही की हे टाकीमुळे झालं. पण हवेमुळे झालं हे मी मान्य करते.

वर मात्र छत्री मिटलेलीच होती.

मेच्या मध्यावर हवा बदलली. वळवाचे ढग संध्याकाळी पर्वतीच्या बाजूने जमायचे आणि न बरसता निघून जायचे. हवा चिकट झाली, आणि पंख्याची जादू संपली. ओलसर हवेत वाफ जाईना, वाफ जाईना म्हणून पाणी उतरेना. माठातलं पाणीही त्या दिवसांत तसंच कोमट लागायचं. बर्फाची बाटली बाबाच्या हाताला खुणावत होती. हात खिशात होते. शेवटी त्याने दिव्यांची वेळ बदलली. दुपारचे दिवे बंद, सकाळी आणि संध्याकाळी चालू, म्हणजे उन्हाची आणि दिव्यांची ऊब एकाच वेळी पडणार नाही. "दुपारी एक ते चार समुद्र बंद," त्याने जाहीर केलं. "पुण्यात राहायचं तर पुण्यासारखं राहावं लागेल." श्वास बाहेर जावा म्हणून पहाटे आणि रात्री खिडक्या सताड उघड्या. आणि बुडबुडे सोडून टाकीतली घाण फेसावाटे काढणाऱ्या यंत्राची हवेची नळी त्याने लांब करून थेट खिडकीबाहेर नेली, म्हणजे ते खोलीतली नाही, बाहेरची हवा ओढेल. चौथ्या मजल्यावरून लोंबणारी ती नळी बघून सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं होतं, "हे काय आहे?" बाबा म्हणाला, "समुद्राचं नाक."

आता सगळं हळूहळू होत होतं. तापमानाचा हेलकावा उरला, पण लहान. सामू पहाटे उतरायचा, पण तेवढाच, रोजच्या जागेपर्यंत. मला संथपणाचं कौतुक नाही. 'हळूहळू होईल सगळं' हे वाक्य मी लहानपणापासून अशा माणसांच्या तोंडून ऐकलंय ज्यांना काहीच व्हायला नको असतं. तरीही त्या दिवसांत मी बाबाच्या शेजारी उभी राहून बघायला शिकले. त्याला काही करायचं नव्हतं असं नाही. करण्यासारखं सगळं करून झालं होतं, आणि आता फक्त त्या जिवाच्या हातात होतं. हा फरक मला तोवर माहीत नव्हता.

एके सकाळी मी ठरावाचं नाव काढलंच. "बाबा, पापुद्रा वाढतोय. मेली असेल तर पाणी नासेल. मासेही जातील."

त्याने खिशातून हात काढले नाहीत. "मेलेलं असतं तर वास आला असता. तू वास घेऊन बघ. आला, तर मी आजच टाकी मोडतो. ठराव माझाही आहे."

मी झाकण उचलून वाकले. समुद्राचा वास आला. वारज्यात, चौथ्या मजल्यावर, ओल्या खडकाचा, खारा, जिवंत वास. मी झाकण ठेवलं. "नाही आला," मी म्हटलं.  त्याचे खिशातले हात थोडे सैल झाले, ते कापडातून कळलं.

ती उघडली तो रविवार होता. बाबा दिवसभर बोलला नाही, बहुधा दृष्ट लागेल म्हणून. पुरोगामी माणसाला हे कबूल करणं जड जातं. आधी पापुद्रा एका कडेने सुटला आणि पाण्यात तरंगत गेला, सापाच्या कातीसारखा. मग दुसरीकडून. तिने जुनी कात टाकली होती. एवढे आठवडे आम्ही जिला मरण समजत होतो, ती तिची बाहेर यायची पद्धत होती. संध्याकाळचे दिवे लागले तसं एक बोट बाहेर आलं, मग पाच, मग मोजण्याच्या पलीकडे. छत्री पहिल्यापेक्षा रुंद झाली होती.

खाली बैठक चालू होती. बाबा गॅलरीत गेला आणि कठड्यावरून वाकून, जो माणूस आवाज चढवत नाही तो ओरडला, "सुमन, उघडली."

खाली भाषण थांबलं. मधूकाकांचंच होतं. कमलताईंनी मान वर करून विचारलं, "काय उघडलं वं?" आईने सांगितलं. मग कोणी ठरवलं, कोणी म्हटलं, मला माहीत नाही, पण सतरंजीवरच्या सगळ्या उठल्या आणि लिफ्टच्या दाराशी आल्या. मी तेव्हा खालीच होते; ती कशी उघडली ते बाबाने नंतर सांगितलं. सेक्रेटरी नेमके बाहेरून आले.

"सगळ्या? कुठे?"

"चौथ्या मजल्यावर," कमलताई म्हणाल्या. "समुद्र बघाया."

"अहो पण, तो जिना..."

"गुडघं दुखत्यात. तुमचं चांगलं हायेत, तुम्ही चढा. आम्ही येतोय मागनं."

लिफ्ट चार जणांची. चार जणी आत गेल्या, दार लागलं, आकडे चढत गेले. लिफ्ट खाली आली, पुन्हा चार जणी. सेक्रेटरी पाटीकडे बघत उभे राहिले. शिक्षिकाबाई आपली खुर्ची घडी करत त्यांना म्हणाल्या, "मीही जाते. वारा पडलाय."

ती पाटी आज तिथे नाही. ती काढायला पुढे आणखी भांडावं लागलं, दोन पत्रकं लागली, दोन्ही बाबाने तपासली. छत्रीचं म्हणाल तर ती आता ताटलीएवढी झालीय. बाबा परवा म्हणत होता, तिचा एक तुकडा वाघोलीला ने. मी नाही म्हटलं. माझं मत बदललेलं नाही. समुद्र समुद्रातच असावा. पण सकाळचा फोन आला नाही तर माझा हात आपोआप फोनकडे जातो.

त्या संध्याकाळी वर खोलीत बाबा दाराशी उभा राहून सांगत होता, "चार-चार जणी या, चार-चार. बघून झालं की पुढच्यांना जागा द्या, श्वासाचा प्रश्न आहे." पण पहिल्या चौघी बाहेर आल्याच नाहीत. त्या टाकीसमोर खाली बसल्या. दुसऱ्या चौघी त्यांच्या मागे. मग आणखी. खोली पुन्हा भरली. कमलताई काचेला नाक लावून म्हणाल्या, "ह्ये फूल हाय का जनावर?"

"जनावर," बाबा म्हणाला.

"मंग फुलावानी का करतंय?"

"आवडतं त्याला."

सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, तरी एवढ्या बायकांचा श्वास होता. मापक पाण्यात होतं. मी पाहिलं, आकडा हळूच खाली सरकला. मग आणखी थोडा. बाबानेही पाहिला. त्याचा उजवा हात खिशातून निघाला, कपाटाकडे, पुडीच्या डब्याकडे अर्धा गेला. समोर बायका छत्रीच्या बोटांकडे बघत एकमेकींना ढोसत होत्या. त्याने हात मागे घेतला, मापक पाण्यातून उचललं, पुसलं आणि टोपण लावलं.

"असू दे," तो म्हणाला, आणि खाली त्यांच्यात जाऊन बसला.